चहानंतर पुन्हा स्टार्ट होते का? खान्देशात जुनी टूरिंग गाडी निवडताना आणि सांभाळताना

जुनी टूरिंग गाडी घ्यायची म्हटली की नवखा माणूस सीसी आणि बीएचपीचे आकडे समोर मांडून बसतो. दहा-पंधरा वर्षं पळालेल्या गाडीच्या बाबतीत त्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी तीस-चाळीस किलोमीटर धावून चहाला थांबलेली गाडी दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते की नाही, यावर आपल्याकडे तिची लायकी ठरते. दुसरा प्रश्न तेवढाच मोठा आहे: ती अडलीच, तर तिचा पार्ट धुळे, जळगाव किंवा भुसावळच्या बाजारात त्याच दिवशी मिळेल का? खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांभोवती आहेत.

आधी रस्ता, मग गाडी

आपल्याकडचे रस्ते तीन जातींचे. पहिला सुरत–धुळे–जळगाव–नागपूर महामार्ग, आताचा ५३ आणि जुन्या माणसांचा ‘सहा नंबर’. सरळ, लांब आणि ट्रकांनी भरलेला. इथे गाडी तासन्‌तास ८०च्या आसपास एकाच वेगात धावते, म्हणून पाचवा गिअर, कमी थरथर आणि रात्री नीट दिसेल असा हेडलाइट लागतो. दुसरी जात घाटांची: चाळीसगावहून कन्नडचा घाट, साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारी, शहाद्याहून तोरणमाळ, तळोद्याहून धडगावकडे चांदसैली. इथे ब्रेक, क्लच आणि खालच्या गिअरमधली ओढ बघायची. तिसरी जात पाल, उनपदेव, पाटणादेवीकडच्या आडरस्त्यांची. उखडलेलं डांबर, फरशी पूल आणि पावसाळ्यात चाकाला लपेटणारी काळी माती.

वर्षभरातले तुमचे किती किलोमीटर कोणत्या जातीत जाणार, ते वहीत प्रामाणिकपणे लिहा. दहातले आठ लोक ‘लडाखला जायचंय’ म्हणून गाडी बघतात आणि प्रत्यक्षात जळगाव–अजिंठा आणि धुळे–शिर्डी करतात. गाडी त्या प्रत्यक्षातल्या फेऱ्यांसाठी घ्या.

कोणती गाडी कशासाठी

कास्ट आयर्न बुलेट ३५० मनाने घ्यायची असते, हे आधीच मान्य करावं. ६०-६५च्या वेगाला ती सुखात असते. त्यापुढे दामटली की तापते, तेल पाझरते आणि नटबोल्ट सैल करते. सिलिंडर ओतीव लोखंडाचा असल्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता हळू सोडतो, आणि मेमध्ये हा फरक जाणवतो. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. घरात दुसरी साधी बाइक असेल तर ऐनवेळी ब्रेक समजून गिअर दाबला जातो. पहिला महिना महामार्गावर नेऊच नका. तिची जमेची बाजू म्हणजे तालुक्याच्या गावातला कोणताही मुरलेला मेकॅनिक तिला रस्त्याच्या कडेला उघडून बसवतो.

थंडरबर्ड ३५० घ्यायची तर युसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेली) घ्या. इंजिन ३४६ सीसीचं, पाच गिअर, डावीकडे शिफ्ट आणि हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे टॅपेट सेटिंगची (वॉल्व्हची फट जुळवण्याची) कटकट नाही. २०१२च्या मॉडेलपासून टाकी २० लिटरची झाली. ३०-३५चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी एका टाकीत ६०० किलोमीटर निघतात. वजन मात्र १९० किलोच्या आसपास. फरशी पुलावरच्या चिखलात एकट्याने उचलायची वेळ आली की ते कळतं. तिचं ठरलेलं दुखणं म्हणजे सेलचा (बटण स्टार्टरचा) स्प्रॅग क्लच, स्टार्टरची फिरकी इंजिनला एकाच दिशेने देणारा. सेल मारल्यावर आतून दाणे घासल्यासारखा ‘घर्रर्र’ आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर तो गेलेला आहे आणि त्यासाठी क्लचकडची बाजू उघडावी लागते. बहुतेक वेळा हे पाप अशक्त बॅटरीचं असतं. अर्धवट ताकदीने फिरवलेलं इंजिन उलटा झटका मारतं आणि तो झटका स्प्रॅग खातो. बॅटरी मरगळली असेल त्या दिवशी किकच मारावी.

हिरो होंडा करिझ्मा २००३ची. २२३ सीसी, बसायला आरामशीर, महामार्गावर ९०ला शांत. २००९च्या झेडएमआरमध्ये फ्युएल इंजेक्शन आणि ऑइल कूलर आला. गाडी म्हणून ती सरस, पण तिचा फ्युएल पंप, मीटर आणि फेअरिंगचे (पुढच्या प्लास्टिक आवरणाचे) तुकडे शोधण्यात आठवडे जातात. नवख्याने कार्ब्युरेटरवाली साधी करिझ्मा किंवा करिझ्मा आर बघावी. टायमिंग चेनचा खळखळाट आणि कार्ब्युरेटरमधला फाटका रबरी पडदा, ही दोन दुखणी तपासा. पडदा फाटला की गाडी अर्ध्या रेसपर्यंत बरी चालते आणि पुढे ओढतच नाही.

बजाज पल्सर २२० दोन प्रकारची. २००७ची फ्युएल इंजेक्शनवाली थोडीच वर्षं विकली गेली; तिचे इलेक्ट्रॉनिक पार्ट आता दुर्मिळ, तिच्या वाटेला जाऊ नका. २००९पासूनची कार्ब्युरेटरवाली मात्र इतकी विकली गेली की तिचा पार्ट शिरपूरलाही मिळतो आणि पाचोऱ्यालाही. ऑइल कूलर आहे, दोन्ही चाकांना डिस्क आहे, टाकी १५ लिटरची आहे. हँडल खाली असल्याने शंभर किलोमीटरनंतर मनगटं बोलायला लागतात. एक गंमत लक्षात ठेवा: इंजिनला प्लग दोन आहेत. सहज दिसणारा दर सर्व्हिसिंगला बदलला जातो आणि दुसरा वर्षानुवर्षं तसाच राहतो. बघायला गेलात तर दोन्ही काढून बघा.

अ‍ॅव्हेंजर २२० म्हणजे त्याच घराण्याचं इंजिन, पण पाय पुढे आणि सीट खाली. सरळ महामार्गावर तिच्यासारखं सुख नाही. आडरस्त्यावर मात्र पाय पुढे असल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट कमरेत जातो, कारण फुटरेस्टवर उभं राहता येत नाही. मागचं चाक १५ इंची आहे. त्या मापाचा टायर आणि ट्यूब लहान गावात मिळेलच असं नाही. ट्यूब सोबत ठेवा.

हिमालयन ४११ आता ‘जुन्या’त मोडायला लागली आहे. २०१६च्या पहिल्या कार्ब्युरेटरवाल्या लॉटऐवजी बीएस-४ची (धुराच्या चौथ्या सरकारी मानकाची) इंजेक्शनवाली बघा. पुढचं चाक २१ इंची, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर. आडरस्ते जास्त असतील तर डोळे झाकून हीच. घेण्याआधी हँडलचा कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) तपासा. कसा, ते पुढे येतंच.

येझदी आणि आरडी ३५० छंदाच्या गाड्या आहेत. टू-स्ट्रोक, पार्ट महाग, जाणकार फिटर मोजके. पहिली टूरिंग गाडी म्हणून सोडून द्या.

आमचा कौल हवा असेल तर: बजेट कमी आणि फिरणं महामार्ग-घाट असं मिश्र असेल, तर कार्ब्युरेटरवाली पल्सर २२०. करिझ्मा तिच्याहून गोड चालते, यात वाद नाही. पण पार्टच्या प्रश्नावर ती हरते.

बघायला जाताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा: ‘भाऊ, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोहोचल्यावर पहिलं काम, इंजिनच्या हेडला आणि सायलेन्सरला हात लावणं. गरम असेल तर थंड गाडी सुरू होण्याची अडचण झाकलेली आहे, असं समजा. ‘सिंगल हँड यूज’, ‘डॉक्टरची गाडी’ ही वाक्यं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो. इथे मागच्या स्प्रॉकेटचे दात बघा. एका बाजूला झुकलेले, वाघनखासारखे टोकदार झाले असतील तर चेन किट बदलायचं आहे. मग मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा दिसला तरी अर्थ तोच. फक्त चेन बदलून जुनी स्प्रॉकेट ठेवली की नवी चेनही लवकर खराब होते, म्हणून खर्च पूर्ण किटचा धरायचा.

त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश डावीउजवीकडे फिरवा. मधोमध ‘टक’ करून अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेला. पुढच्या फोर्कचे पाय धरून मागेपुढे हलवा. खटखट जाणवली तरी तेच. मागचं चाक आडवं हलवून बघा. चाकाबरोबर स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) हलत असेल तर बुश झिजले आहेत. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओला पट्टा म्हणजे ऑइल सील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते तेल डिस्कच्या पॅडपर्यंत उतरलं असेल तर पॅडही बदलावे लागतात.

टायरच्या बाजूला डीओटीच्या खुणेशेजारी चार अंक असतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांवरचा टायर आपल्या उन्हात कडक झालेला असतो. बाजूच्या रबरात नखाएवढ्या भेगा दिसल्या तर दोन्ही टायरचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. तळाशी तांबूस गाळ दिसला तर तो कार्ब्युरेटरमध्येही उतरलेला आहे. उभ्या गाड्यांमध्ये हे फार आढळतं, आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे त्यात भर पडली आहे. ते हवेतला दमटपणा ओढतं. पाणी खाली बसलं की टाकी आतून गंजते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि फ्लोटचे सील फुगतात किंवा कडक होतात, तेही याचंच.

आता सुरू करा. सुरुवातीला दोन-चार सेकंद निळा धूर येऊन थांबला तर वॉल्व्ह सील. रेस देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), म्हणजे हेड-ब्लॉक उतरवण्याचं काम. काळा धूर पेट्रोल जास्त जळत असल्याचा. बहुधा कार्ब्युरेटर किंवा कोंदलेला एअर फिल्टर. थंडीतल्या सकाळी पांढरी वाफ येते ती नुसती वाफ.

मल्टिमीटर स्वस्तातला चालेल, पण सोबत न्याच. बंद गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत, आणि सुरू करून रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५. रेस देऊनही १३च्या खाली राहिलं तर कॉइल प्लेट (इंजिनातली वीज तयार करणारी) किंवा रेक्टिफायर चार्जिंग देत नाही. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला असून तो बॅटरी उकळून मारतो. जादा हॉर्न आणि एलईडी पट्ट्या थेट वायरिंगला जोडलेल्या दिसल्या तर अर्धी दुखणी तिथेच असतात.

शेवटी, चासी सरळ आहे का? चाकं पाण्यातून नेऊन कोरड्या रस्त्यावर सरळ चालवायला सांगा. मागच्या चाकाचा ओला पट्टा पुढच्याच्या एका बाजूला सरकलेला असेल तर गाडी कधीतरी जोरात आपटली आहे किंवा चाक वाकडं बसवलं आहे. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या करून पुन्हा बघा. तरी पट्टा सरकलेलाच राहिला तर घरी परत या.

चहाची परीक्षा

ही पायरी विकणाऱ्याला आवडत नाही. तरी सोडू नका. गाडी किमान पंचवीस-तीस किलोमीटर पळवा, शक्यतो दुपारी. मग उन्हातच बंद करून दहा मिनिटं थांबा. एका चहाचा वेळ. पुन्हा सुरू करा. दोन-तीन प्रयत्नांत सुरू झाली तर पास.

न झाल्यास कारणं तीन. पहिलं, इंजिन बंद झाल्यावर त्याची उष्णता वर चढून कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची वाफ होते. रेस पूर्ण उघडी धरून किक मारली की असली गाडी सहसा सुरू होते. हे दुखणं सोसण्यासारखं आहे. दुसरं, वॉल्व्हची फट कमी राहिली आहे. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. किक हलकी लागत असेल तर हे. सेटिंगने सुटतं, पण फार दिवस तसंच चालवलं असेल तर वॉल्व्हची कड जळलेली निघते. तिसरं, इग्निशन कॉइल, पिकअप किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारे भाग) तापल्यावर दगा देतं आणि थंड झालं की शहाण्यासारखं वागतं. प्लग काढून हेडला टेकवून किक मारा. ठिणगी नसेल तर हेच. पेट्रोलच्या वाफेपासून प्लग दूर धरा.

कागद

आरसी, विमा, पीयूसी आणि थकीत चलनं एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर तपासा. चासी आणि इंजिनवरचे नंबर स्वतः वाचून आरसीशी अक्षरन्‌अक्षर ताडा. बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) दिसत असेल तर फायनान्सकडचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ‘नंतर करू’ म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन वर्षभर फिरणं ही आपल्याकडची जुनी खोड. अपघात झाला की ती दोघांनाही महागात पडते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढे फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि वर पर्यावरण कर असतो. म्हणजे २००९-१०ची स्वस्त गाडी बघताना पहिला प्रश्न हाच: नूतनीकरण झालंय का? झालं नसेल तर शुल्क आणि दंड किती बसेल, ते आधी आरटीओत विचारा आणि सौदा त्यानंतर. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, तेही बघा.

सीमेवरच्या जिल्ह्यांचा खास सापळा म्हणजे परराज्याचं पासिंग. नवापूरकडे गुजरातच्या, शिरपूर-रावेरकडे मध्य प्रदेशच्या गाड्या स्वस्तात फिरतात. त्या घेतल्या तर मूळ आरटीओची फॉर्म २८वरची एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर, हे सगळं आलं. हा खर्च आणि हेलपाटे धरले की स्वस्ताई बहुधा संपते. एमएच १८, १९ किंवा ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) पासिंगची गाडी थोडी महाग मिळाली तरी झोप लागते.

हिशेबाचं पान

दोन-तीन गाड्या बघून झाल्या की वहीच्या एका पानावर प्रत्येकीसाठी चार गोष्टी लिहा: मागितलेली किंमत, लगेच करावा लागणारा खर्च (टायर, चेन किट, बॅटरी, कोन सेट, कागद), चहाच्या परीक्षेचा निकाल आणि पार्ट कुठे मिळतो. शेवटचं फोन करूनच लिहायचं. क्लच प्लेट, टायमिंग चेन, कार्ब्युरेटर किट, क्लच केबल आणि कॉइल प्लेट, हे पाच पार्ट आहेत का, केवढ्याला आहेत आणि मागवायचे तर किती दिवस, असं दोन दुकानांना विचारा. पाचपैकी दोन ‘मागवावे लागतील’ असतील तर ती गाडी कितीही चकचकीत असली तरी खाली सरकवा. किंमत आणि लगेचचा खर्च यांची बेरीज हाच तिचा खरा भाव. वीस हजारांनी स्वस्त वाटलेली गाडी या पानावर पुष्कळदा महाग ठरते.

घरी आणल्यावर

आधीच्या मालकाने काय केलं यावर विश्वास न ठेवता सगळं शून्यापासून करा. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग (पल्सरचे दोन्ही), पेट्रोलची नळी, ब्रेक ऑइल, फोर्क ऑइल. काढलेल्या ऑइलमध्ये बोट बुडवून उन्हात बघा. बारीक चमकी थोडीफार असतेच. नखाला लागतील असे तुकडे निघाले तर पुढे जाऊ नका, मेकॅनिकला दाखवा. ऑइल दुधासारखं असेल तर आत पाणी गेलं आहे.

एअर-कूल्ड जुन्या इंजिनात आपल्या हवेला २० डब्ल्यू ५० (ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) चांगलं; युसीईला कंपनी १५ डब्ल्यू ५० सांगते. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ (बाइकच्या ऑइलची मानकं) असलंच पाहिजे. कारचं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून घालू नका. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घसरण वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे प्लेटा सुटतात. पातळी खिडकीच्या किंवा दांडीच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवा. जास्त भरलं की ते एअर फिल्टरच्या डब्यात येतं. बदल तीन हजार किलोमीटरला. उन्हाळ्यात लांब फिरलात तर त्याआधी.

चेनचा सैलपणा मधोमध २५ ते ३० मिलिमीटर, आणि तो स्वार बसल्यावरही तपासायचा. स्टँडवर नेमकी ताणलेली चेन दोघं बसले की तटतटते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. ओ-रिंगवाली चेन पेट्रोलने धुऊ नका. वंगणाला ९० नंबरचं गिअर ऑइल पुरतं. रात्री लावा, सकाळी पुसा. ताज्या तेलावर आपल्याकडची धूळ बसली की तिचा पॉलिश पेपर होतो.

बुलेटवाल्यांसाठी वेगळं. पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काची) फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. टॅपेट थंड इंजिनावरच, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. किक मारण्याआधी डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक सावकाश खाली न्या, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईल तिथे थांबा, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर घ्या आणि मग एकच पूर्ण लाथ. अर्धवट लाथ मारली की ती परत मिळते, पायात.

ऊन

एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघा आणि अकराच्या आत मुक्कामी लागा. माणसासाठी आणि गाडीसाठीही. टाकी काठोकाठ भरून उन्हात उभी करू नका. पेट्रोल फुगून झाकणातून झिरपतं. टायरची हवा सकाळी थंड टायरवर तपासा. पुढे २५ आणि मागे एकट्याला २८, जोडीला ३२ पीएसआय हे या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना चालतं. आपल्या गाडीचं स्टिकर मात्र बघा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो काढू नका. काढलात तर संध्याकाळी टायरमध्ये हवा कमी पडेल.

घाट चढून वर आलात आणि इंजिन फारच तापलं असेल तर एक-दीड किलोमीटर हलक्या रेसवर चालवा आणि मग सावलीत बंद करा. उभं राहून आयडलवर ठेवल्याने वारा लागत नाही, उलट जास्त तापतं. गरम इंजिनावर पाण्याची बाटली ओतायचा मोह हमखास होतो. ओतली तर सिलिंडरच्या फिन (बाहेरच्या पात्या) तडकतात. कापसाच्या हंगामात ऑइल कूलरच्या जाळीत धूळ आणि रुई अडकते; मऊ ब्रशने झाडा.

चढताना वेग कमी झाल्यावर रेस वाढत जाते पण गाडी पुढे जात नाही, असं झालं तर क्लच सुटतोय. आधी केबलला २-३ मिलिमीटर मोकळीक आहे का बघा. अर्ध्या वेळा दोष तिथेच असतो.

पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरून चाकच अडवते. एक काटकी सोबत ठेवून थांबून खरवडा. रेस देऊन सोडवायला गेलात तर क्लच जळतो. केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे, रस्त्यावर पडलेली ओली पानं बर्फासारखी असतात. फरशीवरून गेल्यावर ड्रम ब्रेक हलका दाबत शंभर-दोनशे मीटर चालवा, नाहीतर पुढच्या वळणावर ब्रेक लागत नाही. पाणी वाहत असेल आणि फरशी दिसत नसेल तर थांबायचं, वाट बघायची.

सामान आणि हत्यारं

जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे. सगळं शेपटाच्या कॅरिअरवर बांधलं की ८०च्या पुढे हँडल हलायला लागतं. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी किमान चार बोटं लांब.

पिशवीत: प्लग पाना, १० ते १७ची रिंग-फिक्स पाने, मागच्या चाकाच्या नटाचा पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टायर लिव्हर, पंप, पुढची-मागची ट्यूब, पॅचचं सामान, नवा प्लग, चेन लॉक, फ्यूज, बल्ब, वायर, टेप, अर्धा लिटर ऑइल. क्लचची नवी केबल पिशवीत न ठेवता जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवली तर तुटल्यावर पाच मिनिटांत जोडता येते. बुलेटला पॉइंट आणि कंडेन्सर. आणि अंगाच्या साबणाची वडी: टाकी झिरपायला लागली तर बाहेरून साबण घासून गाव गाठता येतं.

पहिल्या तीन फेऱ्या

पहिली जळगाव–पहूर–अजिंठा आणि परत, सुमारे १२० किलोमीटर. टाकी पूर्ण भरून निघा, परत येऊन पुन्हा पूर्ण भरा आणि अ‍ॅव्हरेज काढा. घरी आल्यावर गाडी थंड झाली की प्लग काढा. चॉकलेटी रंग चांगला. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफट्ट म्हणजे कमी, आणि कमी पेट्रोलवर तापून पिस्टन धरण्याचा (सिलिंडरमध्ये जाम होण्याचा) धोका, म्हणून तो आधी दुरुस्त. सगळे नटबोल्ट एकदा आवळा. सैल झालेले कोणते, ते वहीत लिहा.

दुसरी आठवड्याने, चाळीसगाव आणि कन्नड घाट. उतरताना चढलेल्या गिअरमध्येच उतरा. ब्रेक धरून ठेवला की ऑइल उकळून लिव्हर मऊ पडतो. तसं झालं तर थांबा, दहा मिनिटं गार होऊ द्या आणि घरी येऊन ब्रेक ऑइल बदला.

तिसरी तोरणमाळ. पेट्रोल शहाद्यालाच पूर्ण भरा. जोडीदार आणि सामान घेऊन जा, कारण एकट्याने पास झालेली गाडी ओझ्याने नापास होऊ शकते. वर पोहोचल्यावर बंद करा, चहा घ्या आणि स्टार्टर दाबा. परत आल्यावर ऑइलची पातळी पुन्हा बघा. तीन फेऱ्यांत मिळून दोनशे मिलिलिटरपेक्षा जास्त कमी झालं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर रिंगांचा खर्च वहीत चढवा आणि दिवाळीच्या प्रवासाआधी ते काम उरकून घ्या.